होळीच्या लाकडांचा भार

फाल्गुन शुद्ध पंचमी आली की गावोगावी होलिकोत्सवासाठी लाकडांची जमवाजमव सुरू होते. एके काळी ही लाकडे मोळ्यांनी डोक्यावरून येत, पुढे बैलगाडीतून येऊ लागली, आणि सांप्रत ती पिकअप गाडीच्या हौद्यातून येतात. आमच्या वाईकडे पसरणीचा घाट उतरून येणाऱ्या अशा गाड्या या दिवसांत पाहाव्यात. हौद्याच्या कडांच्याही वर ओंडके रचलेले, त्यांवर फांद्यांचा भारा, आणि त्या भाऱ्यावर आरोळ्या ठोकीत बसलेली पाच-सात मुले! देखावा उत्साहाचा खरा. परंतु ज्याला त्या घाटाची वळणे ठाऊक आहेत त्याच्या काळजाचा ठोका चुकल्यावाचून राहत नाही. वाहन बदलले यात दोष काहीच नाही. बदलले आहे ते प्रमाणाचे भान. डोक्यावरची मोळी जड झाली की मान सांगत असे, आणि बैल थांबून सांगत असे. इंजिन मात्र बरेच ओझे मुकाट्याने ओढते.

सरपण वाहून आणणे हे आपल्या परंपरेने कधीही हीन काम मानले नाही. उपनिषदांतील जिज्ञासू गुरूकडे जातो तो हातात समिधा घेऊन. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, ऐंशीव्या अध्यायात, द्वारकाधीश श्रीकृष्ण आपल्या दरिद्री मित्राला जवळ बसवून पहिली आठवण काढतो ती राजवैभवाची नव्हे, तर सरपणाची. गुरुपत्नीने दोघांना इंधन आणण्यास अरण्यात धाडले होते. अकाली झंझावात सुटला, मेघ गडगडले, सूर्य मावळला, सगळीकडे पाणी भरून उंचसखल कळेना. एकमेकांचे हात धरून त्यांनी रात्र काढली. (त्या रात्री सुदाम्याने झाडावर बसून एकट्याने चणे खाल्ले, ही कथा आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो खरी, पण मूळ भागवतात ती नाही, हे सांगितलेले बरे.) सूर्योदयी सांदीपनी स्वतः शोधत आले. प्राणिमात्राला सर्वांत प्रिय असलेला आपला देहही तुम्ही आमच्यासाठी तुच्छ लेखलात, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. येथे एक गोष्ट सहसा निसटते. आचार्यांनी शिष्यांची लाकडे किती भरली ते विचारले नाही. मुले सापडली यातच त्यांना समाधान होते.

आता प्रमाणाकडे वळू. अमरकोशाच्या वैश्यवर्गात वजनमापे दिली आहेत. शंभर पलांची एक तुला, वीस तुलांचा एक भार, आणि दहा भारांचा एक ‘आचित’. हा आचित म्हणजेच शाकट भार, अर्थात एका गाडीचे ओझे, असे अमरसिंह स्पष्ट सांगतो. पलाचे मान ठिकठिकाणी निराळे आहे. ते चाळीस ग्रॅमच्या आसपास धरले तर भार सुमारे ८० किलो आणि आचित सुमारे ८०० किलो होतो. मनुष्याचे ओझे किती आणि गाडीचे ओझे किती, हे आपल्या कोशकारांनी शब्दांतच बांधून ठेवले होते.

आजच्या पिकअपचा आचित तिच्या नोंदणीच्या कागदात लिहिलेला असतो. गाडीच्या जातीप्रमाणे तो साधारण एक टनापासून दीड टनाच्या पुढेमागे असतो. पण लाकूड डोळ्यांना फसवते. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात कित्येकदा निम्मे पाणीच असते. गेल्या वर्षी सुक्या लाकडांनी हौदा शिगोशीग भरून गाडी सुखरूप आली, म्हणून यंदा ओल्या ओंडक्यांनी तेवढाच भरला, तर ओझे जवळजवळ दुप्पट होऊ शकते. वाटेत वजनकाटा असेल तर गाडी त्यावर घालावी. काटा नसेल तर मागच्या पाट्यांकडे पाहावे. ते सपाट होऊन गाडीचे बूड टेकले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागेनासे होते. पुढच्या दिव्यांचा झोतही वर उचलला जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. म्हणून जड ओंडके तळाशी आणि केबिनच्या बाजूला रचावेत, हलक्या फांद्या वर घालाव्यात, मागच्या आसापलीकडे ओझे लटकू देऊ नये, फाळका लावून घ्यावा आणि दोर आडवेतिडवे आवळावेत. घाट उतरताना पहिल्यापासून खालचा गिअर ठेवावा. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवू गेले की ब्रेक तापतात, आणि नेमक्या अवघड वळणावर त्यांची पकड सुटते. अनुभवी चालकांना हे सारे ठाऊक असते. त्यांच्या शेजारी बसून ‘आणखी चार ओंडके घाला’ म्हणणाऱ्या उत्साही मंडळींना ते ठाऊक नसते. राजशासनाचेही याकडे लक्ष आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ अन्वये मर्यादेबाहेरचे वजन वाहण्यास मनाई असून, २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा ठरविला आहे. जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळाच.

ओल्या लाकडाचा हा भार आपण वाहतो तरी कशासाठी? भविष्योत्तर पुराणात ढुंढा राक्षसीची कथा आहे. रघुराजाच्या राज्यात ती बालकांना पीडा देऊ लागली, तेव्हा वसिष्ठांनी उपाय सांगितला तो सुक्या काष्ठांचा आणि गोवऱ्यांचा संचय करून अग्नी देण्याचा. शुष्क हा शब्द तेथे स्वच्छ आहे. ओले लाकूड जळत नाही, धुमसते. अग्नीचे बळ त्यातील पाणी आटवण्यातच खर्ची पडते आणि प्रदक्षिणा घालणारांच्या डोळ्यांत धूर जातो. शिवाय आंबा, जांभूळ, चिंच अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरांतील वृक्षांसाठी १९७५ चा निराळा कायदा आहे. वाऱ्याने पडलेली फांदी, वठलेले खोड, जुनी मोडकी फळी आणि गोवऱ्या एवढ्यावर होळी उत्तम पेटते आणि गाडीही हलकी राहते.

येथे कोणी विचारील की होळीसाठी लाकडे पळवण्यास शास्त्राचीच मुभा नाही काय? आहे. पंचमीपासूनच्या दहा तिथींत काष्ठस्तेय विहित आहे, असे ज्योतिर्निबंधाच्या नावाने उद्धृत होणारे वचन आहे. पण हा उत्सव बालकांचा, आणि बालकाच्या कवेत मावेल ते काष्ठ, असेच त्या मुभेचे रूप लोकाचारात राहिले. शेजारणीच्या अंगणातील दोन गोवऱ्या गेल्या तर ती लटकेच रागावते आणि पोळीही वाढते. रात्री गाडी लावून कोणाचा बांध रिकामा करणे याला त्या वचनाचा आधार देणे म्हणजे शास्त्राची थट्टा आहे.

भाऱ्यावर बसणाऱ्या मुलांविषयी मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक प्रकरण आहे. ते सहसा कोणी वाचत नाही, पण आमच्या मते घाटाच्या पायथ्याशी वाचून दाखवण्याजोगे आहे. गाडीचा आस मोडला, चाक मोडले, जू तुटले, वेसण तुटली, किंवा चालकाने ‘बाजूला व्हा’ असा घोष केला असताही अपघात झाला, तर दंड नाही. मात्र चालक अकुशल असेल आणि त्याच्या दोषाने गाडी भरकटून हिंसा घडली, तर मालकास दोनशे पण दंड. चालक जाणता असेल तर दंड त्यालाच. आणि चालक अजाण असताना जे त्या वाहनात बसले होते त्या प्रत्येकास शंभर शंभर पण! अडाण्याच्या गाडीत बसणे हाही अपराधच, असे स्मृतिकार म्हणतो. मालवाहू गाडीच्या ओझ्यावर माणसे बसवणे आजच्या कायद्यालाही मान्य नाही. मुलांना होळीच्या जागी उभे करावे. लाकडे उतरवून घेण्याचा आनंद त्यांना तेथेच मिळेल.

हा अतिभार बहुधा घाईतून येतो. शुक्ल पौर्णिमेचा पूर्वार्ध नेहमीच भद्रेने व्यापलेला असतो आणि होलिकादहन भद्रा टाळून प्रदोषकाळी करावयाचे असते. त्यामुळे मुहूर्त कधी आवळता मिळतो. मग पौर्णिमेच्या दुपारी एकाच खेपेत सर्व लाकडे आणण्याची धावपळ होते, आणि दोन खेपांचे ओझे एका हौद्यात चढते. वास्तविक पंचमीपासून दहा तिथी मोजल्या तर त्या चतुर्दशीला संपतात. एवढ्या अवधीत अर्ध्या हौद्याच्या दोन-तीन खेपा सावकाश होतात, लाकडांना थोडे ऊनही लागते, आणि पौर्णिमेचा दिवस मधोमध एरंड रोवून सभोवती लाकडे व गोवऱ्या रचण्यास मोकळा मिळतो.