भिंत, छप्पर आणि मधली फट

मुलांनो, ‘घराचं चित्र काढा’ असं सांगितलं की तुमची पेन्सिल कशी चालते ते मला चांगलं माहीत आहे. आधी एक चौकोन. त्याच्या डोक्यावर त्रिकोण. मग दार, दोन खिडक्या, मागे दोन डोंगर आणि त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य! मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे अशी घरं मी गठ्ठ्यांनी तपासली आहेत.

त्या चित्रात चौकोन आणि त्रिकोण यांच्यामध्ये एक आडवी रेघ असते. पट्टी लावून सर्रकन ओढलेली. खाली भिंत, वर छप्पर. आज आपण त्या एका रेघेकडे जरा निरखून बघणार आहोत. खऱ्या घरात त्या जागी नुसती रेघ नसते. तिथे काय असावं हे ठरवताना गवंडी, सुतार, इंजिनीअर आणि हल्ली कॉम्प्युटर, सगळ्यांचाच कस लागतो.

आधी थोडे शब्द गोळा करू. कोकणातलं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. छपराची सगळ्यात उंच, आडवी कड म्हणजे आढं. आढ्यापासून खाली उतरणारी तिरपी लाकडं म्हणजे वासे. वाशांवर आडव्या रिपा, रिपांवर कौलं. छपराची एक उतरती बाजू म्हणजे पाखं. दोन बाजूंना उतार असेल तर घर दुपाखी, चारी बाजूंना असेल तर चौपाखी. आणि भिंतीच्या बाहेर आलेल्या छपराखालची जागा म्हणजे वळचण. ‘वळचणीचं पाणी आढ्याला’ असं आजी म्हणते ना, ते याच आढ्याबद्दल आणि याच वळचणीबद्दल!

आता कॉम्प्युटर सुरू करा. नसला तर या लेखापुरता मनातल्या मनात करा, काही बिघडत नाही. घरांची त्रिमितीय चित्रं काढायची बरीच सॉफ्टवेअर आहेत. त्यातलं स्केचअप शिकायला सोपं. ते २००० साली अमेरिकेत आलं आणि त्याची एक आवृत्ती इंटरनेटवर फुकट वापरता येते. आपण ८ मीटर रुंदीचं घर काढू. जमिनीवर आयत काढायचा आणि तो ३ मीटर वर ओढायचा. झाला ठोकळा. ठोकळ्याच्या माथ्यावर बरोबर मधोमध एक रेघ मारायची, ती रेघ पकडायची आणि आणखी ३ मीटर वर उचलायची. अरेच्चा! रेघेबरोबर माथ्याचे दोन्ही भाग वर येतात आणि दुपाखी छप्पर तयार! गंमत म्हणजे घराच्या दोन टोकांच्या भिंतीही आपोआप त्रिकोणी डोक्याच्या होतात. स्केचअपमध्ये पृष्ठभाग कडेला कड चिकटून असतात, एक हलला की दुसरा ताणला जातो, म्हणून हे घडतं.

पाखं किती लांब झालं? घराची निम्मी रुंदी ४ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे तिरपी बाजू ५ मीटर. सातवीच्या पुढच्या मुलांना पायथागोरसची आठवण झाली असेल. धाकट्यांनी ३, ४ आणि ५ सेंटिमीटरच्या काड्या जुळवून बघाव्यात.

काम फत्ते झालं असं वाटतं. पण थांबा. या घराच्या भिंतीला जाडी किती? शून्य! छपराला? तेही शून्य! हे घडी घातलेल्या कागदाचं घर आहे. कागदाच्या घरात भिंत आणि छप्पर रेघेवर भेटू शकतात. विटांच्या घरात नाही.

म्हणून घरं बांधणारे लोक दुसऱ्या जातीची सॉफ्टवेअर वापरतात. त्यातलं एक नावाजलेलं म्हणजे रेव्हिट. ‘रिव्हाइज इन्स्टंटली’, म्हणजे ‘झटपट बदला’, यावरून ते नाव पडलं म्हणतात. यात तुम्ही रेघ मारत नाही, भिंत काढता. भिंत किती जाड, कशाची, किती उंच, हे सगळं तिला माहीत असतं. छपराचंही तसंच. मग तुम्ही ३ मीटर उंचीच्या चार भिंती काढता, वर दुपाखी छप्पर ठेवता, घर फिरवून बाजूने बघता... आणि टोकाच्या भिंतीच्या वर भलंमोठं त्रिकोणी भोक! भिंत ३ मीटरवर सपाट थांबली आहे आणि छप्पर वर ६ मीटरपर्यंत गेलं आहे.

बरं, म्हणून सगळ्याच भिंती ६ मीटर उंच करून टाकल्या तर? तर त्या कौलांतून शिंगांसारख्या बाहेर येतात. नवशिक्यांची चित्रं पाहिलीत तर अशी शिंगं हमखास दिसतात.

भिंतीला छप्पर दिसत नाही, हे यामागचं कारण. आपण बघतो तेव्हा आपल्याला घर दिसतं. कॉम्प्युटरला दिसते एक भिंत आणि एक छप्पर, शेजारी राहणारी पण एकमेकांची ओळख नसलेली. ती ओळख करून द्यावी लागते. रेव्हिटमध्ये भिंत निवडायची, ‘अटॅच टॉप’ अशी आज्ञा द्यायची आणि मग छपरावर टिचकी मारायची. लगेच भिंत वर चढते आणि छपराच्या खालच्या बाजूला बरोबर टेकते. टोकाची भिंत त्रिकोणी होते, शिंगं आलेली भिंत कापली जाते. पुढे तुम्ही छपराचा उतार बदललात की भिंतही बदलते. आपल्याकडे म्हण आहे, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे वासे फिरले की घर फिरतं म्हणा हवं तर!

ही ओळख करून देण्याची युक्ती रेव्हिटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या तरुण विद्यार्थ्याने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने चित्र काढायचं. वाकडातिकडा चौकोन काढून ‘या दोन बाजू समांतर ठेव’ असं सांगितलं की यंत्र त्या समांतर करी. रेघांच्या जोडीला रेघांमधलं नातंही लक्षात ठेवायचं, ही कल्पना तिथे उतरली. भिंत आणि छपराचं नातं हे तिचंच पुढचं पाऊल.

तुम्ही विचाराल, ‘बाई, चित्रात थोडं भोक राहिलं तर एवढं काय?’ हिशेब करून पाहू. टोकाच्या एका भिंतीवरचा त्रिकोण ८ मीटर पायाचा आणि ३ मीटर उंचीचा. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. दोन टोकं, म्हणजे २४. भिंत ३० सेंटिमीटर जाड धरली तर ७.२ घनमीटर बांधकाम. मसाल्यासकट एक वीट २० × १० × १० सेंटिमीटरची धरा. एका घनमीटरला ५०० विटा. म्हणजे ३६०० विटा! किती विटा लागतील याचा अंदाज ही सॉफ्टवेअर चित्रावरूनच काढून देतात. भिंत छपराला जोडायची राहिली तर कागदावर ३६०० विटा कमी पडणार. घर बांधायला कर्ज काढलेल्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो.

आता माझ्या आवडीच्या जागी येऊ. लांबीच्या बाजूची भिंत, जिच्यावर पाखं येऊन टेकतं ती. तिचा माथा सपाट, उंची ३ मीटर. छप्पर मात्र तिरपं. ४ मीटर आत गेलं की ३ मीटर चढतं, म्हणजे ३० सेंटिमीटर आत गेलं की साडेबावीस सेंटिमीटर चढतं. त्यामुळे भिंतीच्या बाहेरच्या कडेला छप्पर टेकलं तरी आतल्या कडेला साडेबावीस सेंटिमीटरची फट राहते, पाचरीच्या आकाराची. तुमची पट्टी उभी मावून उरेल एवढी!

कॉम्प्युटर ही फट क्षणात बुजवतो. भिंतीचा माथा तिरपा कापला की झालं. पडद्यावर केसभरही फट दिसत नाही. पण गवंड्याला विचारा, तो हसेल. विटा काय लोण्याच्या आहेत तिरप्या कापायला? तो भिंत सपाटच ठेवतो. तिच्या माथ्यावर एक जाड आडवं लाकूड घट्ट बसवतात. सुतार प्रत्येक वाशाला खालून खाच पाडतो आणि ती खाच त्या लाकडावर बसवतो. तिरपा वासा खाचेमुळे घसरत नाही. वाशांच्या मधे जी जागा उरते ती विटांच्या किंवा चिऱ्यांच्या तुकड्यांनी बुजवतात, नाहीतर मुद्दाम मोकळी ठेवतात. जुन्या घरांत ती मोकळी असे. तिच्यातून गरम हवा बाहेर जाई आणि चिमण्या आत येत. आढ्याखाली काड्या टाकून घर घाण करणाऱ्या चिमण्या! कॉम्प्युटरमधल्या सफाईदार घरात त्यांना जागाच ठेवलेली नसते, याचं मला थोडं वाईट वाटतं.

पडदा आणखी एक गोष्ट सांगत नाही. चिकटलेलं दिसतं ते खरोखर धरून ठेवलेलं असतंच असं नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागात घरांची कौलं उडाली, पत्रे उडाले, शाळांची छपरं गेली. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलंही असेल. कितीतरी ठिकाणी भिंती उभ्या होत्या आणि वर आभाळ!

एक कागदाची लांब पट्टी घ्या. तिचं एक टोक खालच्या ओठाशी धरा आणि पट्टीच्या वरून जोरात फुंका. लोंबणारी पट्टी वर उचलली जाते. वादळात छपराचं असंच काहीसं होतं. वारा ज्या बाजूने येतो त्याच्या पलीकडच्या पाख्याला वर ओढ बसते. कमी उताराच्या पत्र्यांना तर दोन्ही बाजूंना. त्यात एखादं दार किंवा खिडकी उघडी राहिली तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वरून ओढ आणि खालून ढकल! छपराचं वजन एरवी त्याला भिंतीवर बसवून ठेवतं, पण अशा वेळी ते पुरत नाही. म्हणून कोकणात पत्र्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवतात. त्याहून पक्का उपाय म्हणजे पत्रा खालच्या लोखंडी नळीला वाकड्या आकड्याच्या बोल्टने आवळायचा (इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो म्हणून त्याला जे-बोल्ट म्हणतात), वासे आडव्या लाकडाला पट्टीने बांधायचे आणि ते लाकूड भिंतीत खोल गाडलेल्या सळईला. साखळीची एक कडी जरी सुटी राहिली तरी वारा तीच शोधून काढतो.

रेव्हिटमधलं ‘अटॅच’ म्हणजे हे बांधणं नव्हे, बरं का! त्या आज्ञेने फक्त आकार जुळतो. बोल्ट किती जाड, किती अंतरावर, हे इंजिनीअरला वेगळं मोजावंच लागतं.

पाण्याचंही तसंच. घराला पडवी काढली की पडवीचं छप्पर मुख्य भिंतीला मध्येच येऊन भिडतं. पडद्यावर तिथे नाजूक रेघ दिसते. पावसात मात्र भिंतीवरून ओघळणारं पाणी नेमकं त्या रेघेत शिरतं. म्हणून तिथे पत्र्याची पट्टी बसवतात, वरची कड भिंतीत खोचलेली आणि खालची छपरावर पसरलेली. तुमच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात ओल येत असेल तर ही पट्टी जागेवर आहे का ते मोठ्यांना बघायला सांगा. तुम्ही मात्र छपरावर चढू नका.

वळचण किती खाली येते, हेही काढता येतं. आपल्या घराचं छप्पर भिंतीबाहेर ८० सेंटिमीटर काढलं तर ते ६० सेंटिमीटर खाली उतरेल. जमिनीपासून उंची राहील २.४ मीटर. तिथे उंच माणूसही न वाकता उभा राहील. पण छप्पर दीड मीटर बाहेर काढलं तर? करा हिशेब, आणि घरातल्या कुणाचं डोकं आपटेल तेही सांगा!

आता जाता जाता एक कोडं. आपल्या ८ मीटर रुंद घराला काटकोनात ६ मीटर रुंदीचा दुसरा भाग जोडायचा आहे. भिंतींची उंची तीच ३ मीटर, छपराचा उतारही तोच, ४ मीटरला ३ मीटर. नव्या भागाचं आढं जमिनीपासून किती उंचीवर येईल? आणि ते मुख्य छपराच्या पाख्यात शिरेल ती जागा मुख्य आढ्यापासून आडव्या अंतराने किती लांब असेल? दोन छपरं भेटतात तिथे दोन खोलगट रेघा तयार होतात. पावसाचं सगळ्यात जास्त पाणी तिथूनच वाहतं. कॉम्प्युटर असेल तर त्याच्यावर काढा. नसेल तर जुन्या वहीचा पुठ्ठा, कात्री आणि डिंक घ्या. १ मीटरला २ सेंटिमीटर असं प्रमाण धरा, आधी गणित करा आणि मग पुठ्ठ्यावर पट्टी लावून उत्तर पडताळून बघा. दोन्ही पुठ्ठे चिकटवल्यावर मधे फट राहिली, तर ती कुठल्या कडेला राहिली ते आधी बघा, डिंक मागाहून लावा.