निळी नाहीतर तपकिरी

"परत लाव टेस्ट. किती आलं?"

पलीकडून परत तोच आकडा आला असावा, कारण त्याने तो मोठ्याने उच्चारला. "94. मग निळी नाहीतर तपकिरी. येतो दुपारी."

शिरूरमधल्या एका मोबाईलच्या दुकानात मी चार्जर बघत उभा होतो. फोनवरचं घर निमोण्यातलं, हा नेटवाला शिरूरच्या बाजारपेठेत, आणि न बघितलेल्या वायरीतली कुठली तार तुटली तिचा रंग त्याने सांगून टाकला. असल्या भविष्यांवर माझा विश्वास नाही. म्हणून खातरजमा करायला त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसलो.

वाटेत त्याने आकड्याचा खुलासा केला. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. सेकंदाला 100 मेगाबिटची जुनी पद्धत केशरी आणि हिरव्या जोडीवर भागवते. 1000 ची, म्हणजे गिगाबिटची, चारही जोड्या मागते. वायर लावली की दोन्ही टोकांची यंत्रं आपसांत वेग ठरवून घेतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीत खोट असली तर बहुतेक यंत्रं तक्रार न करता 100 वर उतरतात. त्यातले पाच-सहा माहितीच्या वेष्टनातच खर्च होतात आणि टेस्टमध्ये दिसतात 94. प्लॅन 200 चा असो की 300 चा, 94 च. वाय-फायचा वेग दर क्षणी वर-खाली होतो. हा आकडा जागचा हलत नाही. ज्योतिषाचा भाग तिथेच संपला.

निमोण्याचं गावठाण मागे पडलं की वस्त्या लागतात. एकेक घर आपापल्या रानात, मध्ये ऊस. हा एके काळचा ज्वारी-बाजरीचा मुलूख. चासकमानचा कालवा, चिंचणीचं घोड धरण, विहिरी आणि बोअर यांच्या पाण्यावर शिरूर तालुक्यात ऊस वाढला आणि उसात बिबट्याने बस्तान बसवलं. अंधार पडल्यावर गोठ्याकडे जाण्याआधी लोक आता मोबाईलवर गोठा बघून घेतात. इंटरनेट घरात नसलं तरी चालेल, गोठ्यात पाहिजे, अशी इथली गरज आहे. शहरातल्या जाहिरातीत सोफ्यावर टॅब घेऊन बसलेलं कुटुंब असतं. इथे तीन म्हशी आणि एक कालवड.

ज्या वस्तीवर गेलो तिथे पुढे नवा बंगला, मागे जुनं दगडी घर, त्याला लागून पत्र्याचा गोठा. बंगल्याच्या हॉलमध्ये फायबर येऊन थांबतं. तिथून पुढे मेशचे तीन डबे: एक हॉलमध्ये, एक वर मुलाच्या खोलीत, एक जुन्या घरात. तिघे मिळून एकाच नावाचं वाय-फाय देतात. हॉलमधला मुख्य; बाकीचे दोघे त्याच्याशी वायरीतून बोलतात आणि वायर नसेल तर हवेतून. 5 गिगाहर्ट्झची लहर दगडी भिंत, स्लॅब आणि पत्रा यांच्यापुढे टिकत नाही, म्हणून जुन्या घरापर्यंत साठ-सत्तर मीटर वायर ओढलेली. लॅनच्या वायरीची मर्यादा 100 मीटरची, त्यात ती बसते.

तक्रार अशी की रात्री कॅमेरे थिजतात. दिवसा सगळं ठीक.

त्याने सर्वांत आधी काय केलं असेल तर वास घेतला. मुख्य डब्याचा ॲडॅप्टर काढून नाकाशी नेला, मग डब्याच्या जाळीशी नाक, मग जुन्या घरात जाऊन तिथल्या डब्याच्या लॅनच्या खाचेशी. दिवे, ॲप, टेस्टर हे सगळं नंतर. "जळलं आसंल तर नाक सांगतं, सर," तो मला म्हणाला, आणि सॅकमधून एक मेलेला डबा काढून माझ्यापुढे धरला. मागच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात, दुसऱ्या एका वस्तीवर, वीज जवळ कुठेतरी पडली आणि दोन घरांमधल्या वायरीतून झटका आत शिरला. डबा वरून नवा कोरा होता. खाचेशी नाक नेलं तर करपलेल्या प्लॅस्टिकमागून मासळीच्या वळणाचा उग्र दर्प आला. इतक्या महिन्यांनी. तो डबा तो टाकून देत नाही. नव्या पोरांना वास शिकवायला ठेवलाय. त्या दुपारी पुढे जे काही बघितलं ते त्या दर्पासकट माझ्या लक्षात राहिलं आहे.

इथे कशालाच वास नव्हता. म्हणजे वायर.

ॲपमध्ये जुन्या घराच्या डब्यासमोर हिरवा गोल होता. घरातल्या मुलाने तो विश्वासाने दाखवला. तो पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम आठवड्यातले काही दिवस घरून करतो, त्यामुळे हिरव्या गोलावर त्याची श्रद्धा. नेटवाल्याने त्या गोलावर बोट दाबलं आणि आतलं पान उघडलं. तिथे जोडणीचा प्रकार लिहिलेला असतो. आत्ता 'वायर्ड' होतं. "राती काय आसतं, बघितलंय का कधी?" मुलाने बघितलं नव्हतं. रात्री तिथे 'वायरलेस' येत असणार, असा नेटवाल्याचा अंदाज. वायर गेली की डबा आपोआप हवेतून जोडून घेतो, गोल हिरवाच राहतो, आणि दगडी भिंतीतून झिरपेल तेवढ्यावर चार कॅमेरे ओढत बसतात. डब्याच्या खोक्यावर हीच गोष्ट सोय म्हणून छापलेली असते. मला ती दुखणं झाकून ठेवणारी व्यवस्था वाटली. साधा राउटर बंद पडला की निदान बोंब तरी होते.

आता आण्णा, म्हणजे घरमालक, खाटेवरून बोलले. "94 हाय ना? मंग पुरं की. चार कॅमेरं आन् पोराचं काम. 94 ला काय धाड भरली?"

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. चार कॅमेऱ्यांना 20 सुद्धा लागत नाहीत. उसाच्या पट्ट्याने तारेचा कंटाळा पूर्वीही केलेला आहे. कोल्हापूरकडे वारणानगरला 1998 मध्ये साखर कारखान्याच्या आधाराने सत्तरेक गावांत संगणक केंद्रं जोडली, मोठा गाजावाजा झाला. पुढच्या दशकात संशोधकांनी बघितलं तर शेतकऱ्याला हवी असलेली उसाची माहिती साध्या मोबाईलच्या एसेमेसवर भागत होती, आणि प्रयोगाच्या गावांत संगणकांची जागा फोनने घेतली. आण्णांसारखेच लोक तिथेही म्हणाले असतील, पुरे की. पण एसेमेस दोन ओळींचा असतो. कॅमेरा रात्रभर चित्र पाठवत राहतो, आणि त्याला रात्रीच दम लागतो.

"आण्णा, 94 पुरतंय," नेटवाला म्हणाला. "पन 94 म्हंजी वायर आजारी हाय. दिवसा चार तारांवर चालतीय. राती दव पडलं की त्या बी जात्यात."

पुढचं काम भराभर झालं. जुन्या घरातला डबा हॉलमध्ये आणून खिशातल्या हातभर वायरीने मुख्य डब्याला जोडला; 1000 दाखवलं, म्हणजे दोन्ही डबे निर्दोष. मग लांब वायरीच्या दोन टोकांना टेस्टरचे दोन भाग लावले. आठ दिवे क्रमाने लागायला हवेत. चौथा लागला नाही. चौथी तार निळी. तो माझ्याकडे बघून हसला नाही, याचं मला कौतुक वाटलं.

दोन्ही टोकांचे जॅक कापून नवे मारले. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बोटं आपोआप क्रम लावतात. चौथा दिवा तरीही मेलेलाच. म्हणजे खोट मध्ये कुठेतरी. मध्ये शोधायचं तर एकच उपाय, वायरीमागे चालत जायचं.

खिडकीतून बाहेर, कठड्यावरून, लिंबाच्या फांदीखालून. विहिरीच्या मोटारीची केबल आणि ही वायर एकत्र बांधून नेलेली दिसली तेव्हा तो पुटपुटला. स्टार्टर पडला की केबलमधला खडखडाट शेजारच्या वायरीत उतरतो, त्यांत अंतर पाहिजे. शिडी लावून जुन्या घराच्या पत्र्याखाली हात घातला आणि काळ्या टेपची एक गाठ हाताला लागली. वायर कमी पडली म्हणून कुणीतरी जोडलेली. टेप सोडली तशी आतून ओल निघाली.

जोड दिव्याच्या वायरीचा असतो तसा होता: वीतभर तारा उलगडून, एकमेकींत पिळून, टेप गुंडाळलेली. दिव्याला हे चालतं. लॅनच्या वायरीत प्रत्येक जोडीला जो पीळ असतो तो शोभेचा नसतो. दोन्ही तारांना बाहेरचा खडखडाट सारखाच लागावा आणि शेवटी वजा व्हावा म्हणून तो पीळ. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची, 1881 च्या पेटंटातली, टेलिफोनच्या तारांसाठी. आजच्या नियमाप्रमाणे कॅट-5ई वायरीच्या टोकाला पीळ 13 मिलिमीटरहून जास्त उलगडू नये. इथे वीतभर. निळी तार जोडात तुटून पडली होती आणि तिच्याभोवती पांढरी भुकटी. त्याने नखाने तार खरवडली. लाल रंग गेला, खाली चंदेरी. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. स्वस्त पडते म्हणून ही वायर खपते. ओल लागली की तिची अशी भुकटी होते, आणि दोन वेळा वाकवली की तुटते.

"कुनी जोडलं वो हे?" त्याने खालच्या माणसांना विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. आण्णा उसाकडे बघत होते.

नवी वायर ओढण्याआधी काकूंनी चहा केला आणि तेवढ्यात मी त्याला इतर घरांबद्दल विचारलं. दोन दुखणी तो नेहमी बघतो. पहिलं असं की फायबरचा डबा स्वतः राउटर असतो आणि मेशचा मुख्य डबाही राउटर, म्हणजे एका घरात दोन कारभारी. फायबरच्या डब्याला मोकळी भोकं दिसतात म्हणून लोक वरच्या खोलीची वायर तिथेच खुपसतात. ती वायर मुख्य डब्याला वळसा घालून जाते, आणि मग वरचा डबा कुणाचं ऐकावं या घोळात पडतो. एका कारभाऱ्याला निवृत्त करायचं आणि बाकी सगळ्या वायरी मुख्य डब्यानंतर घ्यायच्या, एवढाच त्याचा उपाय. दुसरं दुखणं उत्साहाचं. वायर चांगली असं ऐकून कुणी एकाच स्विचमधून एकाच डब्याला दोन वायरी लावतो. माहिती गोल गोल फिरत वाढत जाते, सगळे दिवे एकदम फडफडतात आणि अख्खं घर बंद पडतं. असं वर्तुळ ओळखून तोडण्याची रीत रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी 1985 मध्ये दिली आणि मोठ्या स्विचांमध्ये ती असते. बाजारातल्या स्वस्त स्विचमध्ये सहसा नसते. तिथे एकेक वायर उपटत बसायचं.

चहानंतर नवी वायर. शुद्ध तांब्याची, बाहेरच्या उन्हापावसाला टिकणाऱ्या काळ्या वेष्टनाची, 305 मीटरच्या बंडलातून मोजून, मोटारीच्या केबलपासून हातभर लांबून, मध्ये एकही जोड न देता. खरं तर दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावं असा त्याचा आग्रह होता. काचेतून वीज जात नाही, पुढच्या वळवात डबे वाचतील. त्याने सॅकमधला तो मेलेला डबा आण्णांनाही हुंगायला दिला. आण्णांनी नाक मुरडलं आणि म्हणाले, "पुढल्या साली बघू."

जुन्या घरात मुलाने मोबाईलवर टेस्ट लावली. काटा 94 ओलांडून गेला आणि 200 च्या अलीकडे थांबला. आता अडवत होता तो प्लॅन.

मग बिल. शोधण्याचे 300 रुपये त्याने तोंडी सांगितले तसा आण्णांचा आवाज चढला. "निस्तं बघायचं 300? जोड तर तिथंच व्हता." हेच आण्णा हजारो रुपयांचे तीन डबे घासाघीस न करता घेऊन आले होते, कारण डबा हातात येतो. नेटवाल्याने वाद घातला नाही. त्याने पहिला कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: वायर 70 मीटर, जॅक 4, मजुरी. शोधण्याची ओळ गाळली होती आणि वायरीचा मीटरचा भाव तेवढ्या प्रमाणात वाढवला होता. आण्णांनी मीटर मोजून खात्री केली आणि पैसे लगेच काढून दिले.

परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं, हे नेहमीचंच का. तो म्हणाला, वायर दिसते, तिचे पैसे मिळतात. वास घेतल्याचे, चालल्याचे, 94 ऐकून ओळखल्याचे कोण देतो? मला त्यात लबाडी दिसली नाही. ती त्याच्याकडून शोधाचं मोल वायरीच्या मीटरमध्ये वसूल करून घेणाऱ्यांच्या हिशेबात असावी, आणि त्या गिऱ्हाइकांत मीही येतो.