सशामागचं कुत्रं आणि कुत्र्यामागचा ससा

चंद्रपूरचा नकाशा एका पाठलागाने आखला, असं सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे हसतात. पण आमच्याकडची आख्यायिका तशीच आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह झरपट नदीच्या काठाने चालला होता. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागलेला त्याने पाहिला. होय, ससाच कुत्र्याच्या मागे! बराच वेळ गोल गोल, वेडीवाकडी धावपळ झाली आणि अखेर कुत्र्याने सशाला लोळवलं. राणी म्हणाली, ही दौड जिथून झाली तिथूनच कोट बांधा. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्या कोटाचे चार दरवाजे. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी झाडोरा काढला, म्हणून परकोट आता नीट दिसतो तरी.

लोक या कथेत कोट पाहतात, मी कुत्रा पाहतो. सशाच्या मागे धावणाऱ्या कुत्र्यांचं वेड मला फार जुनं आहे.

आवश्यक तेवढी माहिती उरकून घेतो. काही कुत्रे नाकाने शिकार शोधतात, काही डोळ्यांनी. ग्रेहाउंड, सलुकी, अफगाण, बोर्झोई ही डोळ्यांवर चालणारी मंडळी. आपल्याकडे रामपूर, चिप्पीपराई आणि मुधोळ. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, जानेवारी 2005 मध्ये टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं. झाला इतिहास.

आता खरं सांगायचं ते. मराठवाड्यात, सोलापूरकडे मुधोळच्याच जातकुळीतल्या कुत्र्याला कारवानी म्हणतात. कानाला, शेपटीला रेशमी केस असले की तो पश्मी. चाकूर तालुक्यातलं जानवळ गाव पश्मीसाठी नावाजलेलं आहे. मी तिथे गेलो तेव्हा अंगणात एक कुत्री उन्हात पसरली होती. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीशी गेलेलं पोट. बरगड्या मोजून घ्याव्यात. अनोळखी माणसाला वाटावं, घरचे हिला उपाशी ठेवतात. भाकरी-दूध खाऊन तृप्त होती ती! मालकाने बांधावरून हाळी दिली आणि पापणी लवते न लवते तोच ती ज्वारीच्या धसकटांतून पार पलीकडे. भरधाव धावताना या कुत्र्याचे चारही पाय एकाच ढांगेत दोनदा जमीन सोडतात: एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा पोटाखाली गोळा झालेलं असताना. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस कामातून जातो.

वन्यजीव कायद्याने सशाची शिकार बंद झाली, ते बरंच झालं. इंग्लंडमध्ये वॉटरलू कप ही सशामागे कुत्रे सोडण्याची प्रख्यात स्पर्धा 1836 पासून चालली आणि 2005 मध्ये बंद पडली. तिथे गुण ससा मारण्याला नव्हते; वेगाला आणि सशाला वळायला लावण्याला होते. हा हिशेब लावला तर आमचा पांढऱ्या ठिपक्याचा ससाच जिंकला म्हणायचा. कुत्र्याला त्याने अख्ख्या शहराचा फेरा घालायला लावला!

शिकार गेली, राहिली प्रदर्शनं. परीक्षक येतो, ओठ वर करून दात पाहतो, खांदा चाचपतो, हँडलरला कुत्रा दुडक्या चालीने फिरवायला सांगतो. कारवानीला परक्याचा हात मुळीच खपत नाही. मी पाहिलेल्या एका रिंगमध्ये परीक्षकाचा हात येताच एक देखणा नर मागच्या पायांवर बसला, मान वळवून मालकाकडे पाहत राहिला, तो उठेचना. चषक गुबगुबीत, गुणी विलायती कुत्र्याला गेला. मी हळहळलो, मालक मात्र पट्टा गुंडाळत म्हणाला, "कप घरात ठिवायचा असतो साहेब, कुत्रं रानात. ह्याला रान ठावं हाय, बास झालं."

मला हे वाक्य पटलं. रिंग वाईट नव्हे. तिथे वंशावळ राहते, चार जाणकार भेटतात. पण चषकासाठी कुत्रा बदलणारी माणसं मला उमगत नाहीत. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 47 च्या घरात जातो आणि इथे लोक हस्की पाळतात! बर्फातल्या जनावराला कूलरसमोर बसवण्यात कसली हौस?

मग मी कारवानी का नाही पाळला? कारण त्याला मोकळं माळरान लागतं. आमच्याकडे साग, बांबू. दहा पावलांपुढे नजर पोचत नाही. नजरेवर जगणाऱ्या कुत्र्याने चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात करायचं काय? बिबट्याची भीती आहे ती वेगळीच. माझ्या दारात गावठी कुत्रा आहे. ना वंशावळ, ना कागद. रात्री परसात काही हललं की आधी कान टवकारतो, मग भुंकतो, आणि शहाणपणाने पायरी सोडत नाही. या मुलखाला हाच शोभतो. मी त्याच्यावर खूश आहे, आणि कारवानी पाहायला जानवळला जातो.

ताडोबाच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना शेवटी एकच विनंती. दारचा कुत्रा कसाही असो, त्याला रेबीजची आणि डिस्टेंपरची लस टोचून घ्या, रात्री त्याला आत घ्या. गावातल्या कुत्र्याचा डिस्टेंपर जंगलातल्या रानकुत्र्यांना आणि वाघालाही होऊ शकतो. चषकापेक्षा ही काळजी मोठी.