सी भाषेच्या शिक्षणासाठी संकलकाची निवड

सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला संकलक किंवा कंपायलर म्हणतात. संपादक, संकलक आणि दोष शोधणारा डीबगर एकाच ठिकाणी पुरवणाऱ्या संचास आयडीई असे नाव आहे. विद्यार्थी सुरुवातीला जो संकलक वापरतो, त्याच्या मर्यादा त्याला अनेकदा सी भाषेचेच नियम वाटू लागतात. त्यामुळे ही निवड महत्त्वाची ठरते.

टर्बो सी

बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये एमएस-डॉससाठी टर्बो सी प्रसिद्ध केले. १९९० मध्ये त्यापाठोपाठ टर्बो सी++ आले. निळ्या पडद्याचा हा सुटसुटीत आयडीई भारतातील अनेक महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरला गेला. ६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावल्या थेट चालत नाहीत. त्यामुळे तेथे टर्बो सी वापरण्यासाठी डॉसबॉक्ससारख्या साधनाची मदत घ्यावी लागते.

मर्यादा

टर्बो सीमध्ये 'इंट' प्रकारची संख्या २ बाइटची असून तिची मर्यादा -३२७६८ ते ३२७६७ इतकी असते. त्यामुळे ३०००० आणि १०००० या दोन 'इंट' चलांची बेरीज ४०००० ऐवजी -२५५३६ अशी दिसते. आजच्या डेस्कटॉप संगणकांवरील संकलकांत 'इंट' सहसा ४ बाइटचा असतो. पडदा पुसणे, आकृत्या काढणे यांसाठी टर्बो सीमध्ये मिळणारी फलने सी भाषेच्या मानकाचा भाग नाहीत. त्यांवर आधारलेली आज्ञावली इतर संकलकांवर बहुधा संकलित होत नाही. तसेच १९९९ च्या 'सी९९' मानकातील सुविधा टर्बो सीमध्ये नाहीत.

आधुनिक पर्याय

जीसीसी आणि क्लँग हे मुक्त स्रोत संकलक आहेत. लिनक्सवर जीसीसी सहज बसवता येतो, तर मॅकओएसवर ॲपलच्या विकास साधनांसोबत क्लँग मिळतो. विंडोजवर जीसीसी वापरण्यासाठी मिनजीडब्ल्यू हा संच उपलब्ध आहे. कोड::ब्लॉक्स हा आयडीई संकलकासह किंवा संकलकाविना उतरवून घेता येतो. नवशिक्यांना पहिला प्रकार सोयीचा पडतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा मूलतः संपादक असल्याने त्यासाठी संकलक स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

निवडीचे निकष

संकलक सध्याच्या मानकांचे पालन करणारा असावा आणि त्याचे दोषसंदेश स्पष्ट असावेत. जीसीसी व क्लँगमध्ये जास्तीचे इशारे दाखवण्याची सोय आहे. ती चालू ठेवल्यास मूल्य न दिलेल्या चलाचा वापर यांसारख्या अनेक चुका आज्ञावली चालवण्यापूर्वीच लक्षात येतात. परीक्षा टर्बो सीवरच होणार असल्यास त्याचा सराव आवश्यक ठरतो. मात्र तीच आज्ञावली आधुनिक संकलकावरही तपासल्यास भाषेचा नियम कोणता आणि साधनाची मर्यादा कोणती, हे स्पष्ट होते.