दुसऱ्याच्या अंगणातला बर्फ

डिसेंबरच्या पहाटे अंगणात शेकोटी पेटवून बर्फाची वाट पाहणारे एखादे कुटुंब डहाणूस आहे, असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या भूगोलज्ञानाविषयी ऐकणाऱ्यास शंका यावी, हे स्वाभाविकच होय. कारण विषुववृत्तापासून अवघ्या वीस अंशांवर, भरतीचे पाणी सुरूच्या बनाला येऊन टेकते अशा या किनाऱ्यावर हिमवर्षाव झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. तथापि थोडा विचार केला तर असे दिसून येईल, की डहाणू-तलासरीकडची घरे डिसेंबरात खरोखरच बर्फाची वाट पाहत असतात; मात्र तो काश्मीर-हिमाचलात पडावा आणि त्याची वर्दी तेवढी आपल्या दारी यावी, इतकीच त्यांची अपेक्षा असते.

या अपेक्षेला हवामानशास्त्राचा आधार आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावून इराण-अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात हिमालयावर येऊन आदळतात, जवळचे बाष्प तेथे हिमरूपाने रिते करतात, आणि ते पुढे निघून गेले, की त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे शीत व शुष्क वारे राजस्थान-गुजरात ओलांडून उत्तर कोकणच्या हद्दीत शिरतात. तेव्हा तिकडे बर्फ पडला म्हणून इकडे गारठा आला, असे जे आपण सहज बोलून जातो, ते अर्धेच खरे. बर्फ आणि गारठा ही एकाच झंझावाताची दोन कार्ये असून, एक आधी घडते व दुसरे मागाहून, एवढेच. काश्मिरात ‘चिल्लई कलान’ या नावाने ओळखला जाणारा चाळीस दिवसांचा कडक हिवाळा २१ डिसेंबरला सुरू होतो, आणि तेथून सुमारे दीड हजार किलोमीटर दक्षिणेस असलेल्या आपल्या घरांतही थंडीचा अंमल पुढे याच दिवसांत बसतो.

मग तो बर्फच आणखी थोडा पुढे का येत नाही, असे दूरचित्रवाणीवर शुभ्र डोंगर पाहिलेल्या नातवंडाने विचारले, तर आजीने खुशाल समुद्राकडे बोट दाखवावे. हिमकण जमिनीवर पोहोचेपर्यंत टिकायचा, तर खालची हवाही शून्य अंशाच्या जवळपास असावी लागते. आणि येथे तर ऐन डिसेंबरात समुद्राचे पाणी २५ अंशांच्या आसपास असते व ते निवते फार सावकाश. मुंबईत नोंदलेला नीचांक, २२ जानेवारी १९६२ चा, तोही ७.४ अंशांचाच. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी पहाटे गवतावर जो पांढरा थर दिसतो तीही हिमवृष्टी नव्हे; निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून गेल्यामुळे गोठलेले ते दव असते. निरभ्र रात्रीचा हाच नियम समुद्रापासून आत असलेल्या, डोंगराळ तलासरीस थोड्या सौम्य प्रमाणात लागू पडतो. म्हणून डहाणूच्या किनाऱ्यावर एका शालीवर भागते, त्याच रात्री तलासरीच्या पाड्यांवर शेकोटीवाचून निभत नाही.

हिम येथवर पोहोचत नाही याचा खेद मात्र कोणी करू नये. १८९८ च्या सुमारास घोलवडला रुजलेला चिकू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा, उष्ण प्रदेशातला. त्याची कोवळी झाडे गोठणबिंदूच्या आसपासच दगावतात. ज्या समुद्राने मुलांना बर्फाचे गोळे नाकारले, त्यानेच घोलवड-बोर्डीच्या इराणी-पारशी बागाईतदारांपासून झाडावर चढणाऱ्या वारली मजुरापर्यंत सर्वांच्या चरितार्थाचा बंदोबस्त करून ठेवला, आणि २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यातही त्याचा वाटा मोठा आहे.

घराघरांतील डिसेंबरची मौजही या कोरड्या वाऱ्यावरच अवलंबून असते. कोळीवाड्यात दोरीवर ओळीने टांगलेले बोंबील या वाऱ्याने खडखडीत वाळतात; थंडीत आंबण्याची क्रिया मंदावत असल्याने पहाटे उतरवलेली नीरा अधिक वेळ गोड राहते; आणि भात निघून गेल्यावर उरलेल्या ओलीवर वाल जोर धरतो. मग वालपापडी, कंद व रताळी हिरव्या मसाल्यासह मडक्यात भरून, त्याचे तोंड पाल्याने बंद करून ते विस्तवात भाजण्याचा, वलसाडकडे ज्यास उंबाडियुं म्हणतात तो बेत ठरतो, आणि मडके फोडण्याची घाई करणाऱ्या पोरांना आवरता आवरता घरातील वडीलधाऱ्यांचीही आरामाची सायंकाळ होते.

असा घरबसल्या उपभोग सर्वांच्याच वाट्याला येतो असे नाही. कापणी व दिवाळी उरकली, की या दोन्ही तालुक्यांतील कित्येक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीस जातात. त्यांची शेकोटी परमुलखात पेटते, आणि कुडाच्या घरात मागे उरतात ती बहुधा म्हातारी माणसे, ज्यांच्या लेखी गारठा म्हणजे आणखी एका गोधडीचा प्रश्न असतो.

म्हणून गुलमर्गच्या हिमवृष्टीची बातमी वाचून, ती परमुलखाची वार्ता समजून डहाणूकराने पान उलटू नये. वारा फिरण्यास दोन-तीन दिवसांचा अवकाश असतो; तेवढ्यात आपल्या गोधड्यांना ऊन द्यावे, वालपापडी निवडायला घ्यावी, आणि शेजारच्या पाड्यावरील एकट्या म्हाताऱ्याकडे पांघरूण पुरेसे आहे ना, याची चौकशी करून यावी.