एअर पिस्तूलमध्ये बिनशिशाचे पेलेट वापरावेत का? नेम, नियम आणि आरोग्याचा हिशेब

१० मीटर एअर पिस्तूल हा नेमबाजीतला सर्वात कमी जागेत बसणारा प्रकार आहे. १२-१३ मीटर लांबीची बंद खोली, एका टोकाला टार्गेट, दुसऱ्या टोकाला टेबल, एवढ्यावर सराव सुरू होतो. त्यामुळे सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावातही शाळेच्या सभागृहात, मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये किंवा घराच्या गच्चीवरच्या शेडमध्ये रेंज उभी करता येते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. साहजिकच, आपल्या मुलाला किंवा मुलीला हा खेळ शिकवावा का, असा विचार अनेक पालक करतात.

पण त्या पिस्तुलातून सुटणारा छोटा पेलेट बहुतेक वेळा शिशाचा असतो, आणि शिसं विषारी आहे. मग बिनशिशाचे पेलेट घ्यावेत का? त्याने नेम बिघडतो का? स्पर्धेत ते चालतात का? एकेक मुद्दा पाहू.

पेलेट शिशाचेच का असतात?

एअर पिस्तुलाच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर. नळीच्या आत पिळाचे आटे असतात. पेलेट त्यात घट्ट बसून फिरत बाहेर पडला, तरच तो सरळ जातो. पेलेटचा आकार डमरूसारखा असतो. पुढचा भाग सपाट, मध्ये कंबर आणि मागे पोकळ घेर. हवेचा दाब बसला की मागचा घेर किंचित फुगतो आणि नळीला चिकटतो, त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही.

या कामासाठी शिसं अगदी सोयीचं आहे. ते मऊ आहे, जड आहे, स्वस्त आहे आणि टार्गेटमागच्या लोखंडी पत्र्यावर आदळलं की चपटं होऊन तिथेच पडतं, फारसं उसळत नाही.

बिनशिशाचा पेलेट म्हणजे कशाचा?

मुख्यतः कथिलाचा किंवा कथिलाच्या मिश्रधातूचा. कथील आपल्या घरात नवीन नाही. पितळेच्या पातेल्यांना कल्हई करतात ती याच धातूची. पितळेतलं तांबं आंबट पदार्थात उतरू नये म्हणून आतून कथिलाचा थर देतात. कल्हईच्या कथिलात स्वस्तातलं शिसं मिसळलं, तर तीच कल्हई घातक ठरते. म्हणजे या दोन धातूंतला फरक आपल्या स्वयंपाकघराला जुनाच ठाऊक आहे.

फरक वजनाचा आहे. एक घन सेंटिमीटर शिसं सुमारे ११.३ ग्रॅम भरतं, तर तेवढंच कथील ७.३ ग्रॅम. त्यामुळे स्पर्धेसाठीचा शिशाचा पेलेट साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅमचा असतो, तर जर्मनीतल्या एच अँड एन कंपनीचा 'मॅच ग्रीन' हा बिनशिशाचा पेलेट ०.३४ ग्रॅमचा आहे.

हलक्या पेलेटने नेमावर काय परिणाम होतो?

पहिला परिणाम म्हणजे गोळी वर लागते. हलका पेलेट नळीतून अधिक वेगाने बाहेर पडतो. समजा शिशाचा पेलेट सेकंदाला १५० मीटर वेगाने जातो. १० मीटर अंतर कापेपर्यंत तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. हलका पेलेट १७० मीटर वेगाने गेला, तर तो सुमारे १७ मिलिमीटरच खाली येतो. म्हणजे जवळपास ५ मिलिमीटरचा फरक पडला. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. मधोमध बसणारी गोळी त्याच्या वरच्या कडेपर्यंत सरकायला एवढा फरक पुरतो. यावर उपाय सोपा आहे. पेलेट बदलला की साइट पुन्हा जुळवून घ्यायची.

दुसरा परिणाम ग्रुपिंगवर होतो, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडतात यावर. कथिलाचा मिश्रधातू शिशाइतका सहज फुगत नाही. एखाद्या नळीत तो छान बसतो, तर दुसरीत सैल किंवा फार घट्ट. हा दोष साइट फिरवून जात नाही. म्हणून एखादा ब्रँड चांगला की वाईट, हे दुसऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये. पिस्तूल टेबलावर नीट टेकवून पाच-पाच गोळ्यांचे चार-पाच ग्रुप शिशाच्या पेलेटने घ्या, मग तेवढेच बिनशिशाच्या पेलेटने. धातू बदलताना आधी नळी साफ करा आणि सुरुवातीच्या २०-३० गोळ्या मोजू नका.

बिनशिशाच्या पेलेटचे ग्रुप दहाच्या वर्तुळात बसत असतील, तर नवशिक्याला फरक जाणवणारही नाही. त्याची चूक बहुतेक वेळा ट्रिगर ओढण्यात आणि मनगटात असते, पेलेटमध्ये नसते. ६० गोळ्यांत एकेका गुणासाठी झगडणाऱ्या खेळाडूला मात्र हा फरक महागात पडू शकतो.

स्पर्धेत बिनशिशाचे पेलेट चालतात का?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर प्रकारात पेलेट ४.५ मिलिमीटरचा आणि शिशाचा किंवा तत्सम मऊ पदार्थाचा असावा लागतो. शिसंच हवं, अशी सक्ती नाही. पण कडक धातूचे किंवा पोलादी छर्रे चालत नाहीत. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलेल्या रेंजवर यंत्रणा खराब होऊ नये म्हणून व्यवस्थापन वेगळा नियम लावू शकतं. त्यामुळे डबा विकत घेण्याआधी रेंजवर विचारून घ्यावं.

कायद्याच्या बाजूने पेलेटच्या धातूने फरक पडत नाही. आर्म्स रूल्स २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा ५-६ जूलच्या आसपास असते.

शिशाचा धोका नेमका किती?

इथे दोन टोकं टाळायला हवीत. 'हातात धरल्याने काय होतंय' हे एक, आणि 'शिसं म्हणजे लगेच विषबाधा' हे दुसरं.

बंदुकीच्या काडतुसात स्फोट होतो, त्याच्या प्रायमरमध्येही अनेकदा शिशाचं संयुग असतं, आणि त्या धुरातून शिसं थेट फुप्फुसात जातं. एअर पिस्तुलात जळत काहीच नाही. त्यामुळे इथला धोका त्याहून बराच कमी आहे. अखंड त्वचेतूनही धातूचं शिसं फारसं आत जात नाही. ते जातं तोंडावाटे, आणि पेलेट आदळतो तिथल्या बारीक धुळीतून.

काळजी करायची ती मुलांची. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलं प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. शरीर शिशाला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत साठवतं, तिथे ते दशकानुदशकं राहतं. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर, शिकण्यावर आणि एकाग्रतेवर त्याचा परिणाम होतो. गरोदरपणात ते बाळापर्यंत पोहोचतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. अंगात लोह कमी असेल, तर शिसं जास्त शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. शिसं स्वतःही रक्त तयार होण्यात अडथळा आणतं. त्यामुळे नेमबाजी करणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घेणं शहाणपणाचं आहे.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात, भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसं असल्याचा अंदाज आहे. हे शिसं नेमबाजीतून आलेलं नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवणं, रंग, भांडी, भेसळीचे मसाले अशा अनेक वाटा आहेत. पण ज्या मुलाच्या अंगात आधीच शिसं आहे, त्याला आणखी एक वाट उघडून देऊ नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

पेलेट बदलले की प्रश्न संपला का?

नाही. सरावाच्या जागेचा हिशेब मांडून पाहा. एक खेळाडू रोज १०० गोळ्या मारतो, एक गोळी अर्धा ग्रॅम. दिवसाला ५० ग्रॅम, वर्षातल्या ३०० दिवसांत १५ किलो शिसं. पाच खेळाडू असतील तर ७५ किलो. यातलं बहुतेक चपट्या तुकड्यांच्या रूपात पेलेट ट्रॅपमध्ये पडतं, पण थोडी भुकटी टार्गेटखालच्या फरशीवर बसते. त्याच सभागृहात दुसऱ्या दिवशी मुलं बसून डबा खाणार असतील, वर पंखे फिरत असतील, कोणी कोरडा झाडू मारत असेल, तर ती धूळ हवेत आणि हातावर येणारच. आजपासून सगळ्यांनी कथिलाचे पेलेट आणले, तरी कालपर्यंतचं शिसं तिथेच राहतं.

म्हणून आधी या सवयी लावून घ्या:

- पेलेट कधीही ओठांत किंवा तोंडात धरू नका. नवशिक्यांमध्ये ही सवय दिसली, तर पहिल्याच दिवशी मोडा.
- रेंजवर खाणं-पिणं बंद. सराव संपला की साबण आणि पाण्याने हात धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं निघत नाही.
- टार्गेटखालची जागा झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा. ट्रॅप रिकामा करताना मास्क आणि हातमोजे घाला. हे काम मुलांना देऊ नका.
- जमलेलं शिसं घरी वितळवू नका. गळाची वजनं ओतण्यासाठीही नाही. ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या.
- सरावाचे कपडे वेगळे धुवा.

बिनशिशाच्या पेलेटमुळे नवा धोका येतो का?

एक येतो, उसळीचा. कथिलाचे मिश्रधातू शिशापेक्षा कडक असतात, त्यामुळे सपाट पत्र्यावर आदळून परत येण्याची शक्यता वाढते. तिरका पत्रा असलेला किंवा शंकूच्या आकाराचा ट्रॅप वापरा, आणि खेळाडूसोबत जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाने डोळ्यांना चष्मा लावा. बिनशिशाचा म्हणजे निर्धोक, असा अर्थ काढू नये.

मग कोणी कोणते वापरावेत?

घरात सराव असेल, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, किंवा हॉल शाळेचा आणि सामायिक असेल, तर बिनशिशाचे पेलेट हा योग्य पर्याय आहे. ते महाग पडतात, कारण जागतिक बाजारात कथिलाचा भाव शिशाच्या दहा पटींहून अधिक आहे. पण शिकण्याच्या पहिल्या वर्षात नेमाचं फारसं नुकसान होत नाही. मात्र सुरुवात करण्याआधी जुनी जागा ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यायला हवी.

स्वतंत्र रेंज, चांगला ट्रॅप आणि हात धुण्याची शिस्त असेल, तर स्पर्धेची तयारी करणाऱ्या खेळाडूने शिशाचे पेलेट वापरण्यात गैर काही नाही. सराव एका धातूने आणि स्पर्धा दुसऱ्याने करायची असेल, तर स्पर्धेआधीचे काही आठवडे स्पर्धेच्याच पेलेटवर घालवा, म्हणजे साइट आणि हात दोन्ही जुळतील.

आणि मुलाला नव्या रेंजवर घालण्याआधी पालकांनी दोन गोष्टी पाहून याव्यात. तिथे साबणासह बेसिन आहे का? आणि टार्गेटखालची फरशी कोण, कशाने साफ करतं?