टेम्पोत बुलेट चढवताय? आधी खालचा पत्रा बघा

कबनूरहून पुण्याला बुलेट छोट्या हत्तीत टाकून न्यायचीय? क्लासिक ३५० भरते १९५ किलो, टेम्पो ओढतो साधारण सातशे. मग भीती कसली?

भीती वजन कुठं पडतं याची. सुताच्या पोत्यांचा भार अख्ख्या हौद्यात पसरतो. बुलेटचा मात्र तळहाताएवढ्या दोन जागांवर. साइड स्टँडचं टोक तर गंजक्या पत्र्यात घुसतंच. पट्टे आवळले, स्पीडब्रेकर आला, की दाब आणखी वाढतो.

म्हणून खाली जाड प्लायवूड टाका. स्टँड वर घ्या, पुढचं चाक केबिनकडं टेकवा, गिअर टाका, चारही बाजूंनी पट्टे ओढा. थोडं अंतर गेल्यावर थांबून परत आवळा.

आणि गाडी धरायला मागं कुणी बसायचं नाय. पट्टा सुटला तर १९५ किलो अंगावर येतात!